टेक ट्रान्स्फर ऑफिसची सेवा: खरा माल म्हणजे पहिले बारा महिने

प्रयोगशाळेत लागलेला शोध औषध, चाचणी किंवा उपकरण होऊन रुग्णापर्यंत जावा असं वाटत असेल, तर बहुतेक विद्यापीठांत पहिलं दार एकच असतं: तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय, म्हणजेच टीटीओ. नोकरीच्या करारानुसार शोधाची मालकी सहसा संस्थेकडे असते, त्यामुळे हे दार टाळून पुढे जाता येत नाही. सेवेचे पैसे आधी मागत नाहीत. पुढे उत्पन्न आलं तर त्यातून वाटा कापतात. फुकट दिसणारी, पण वर्षानुवर्षं हिस्सा घेणारी अशी ही सेवा आहे आणि ती तशीच पारखून घ्यायला हवी.

आमचं मत आधीच सांगतो. पेटंटचा अर्ज वेळेत दाखल करणं आणि करार नीट लिहिणं ही दोन कामं चांगलं टीटीओ उत्तम करतं. लायसन्स (शोध वापरायचा परवाना) घेणारी कंपनी शोधून देण्यात बहुतेक टीटीओ कमी पडतात. पण त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते: पहिला अर्ज दाखल झाल्यापासूनचे १२ महिने. १८८३ च्या पॅरिस करारामुळे या मुदतीत इतर देशांत अर्ज केला तरी तारीख पहिल्याच अर्जाची धरतात. या वर्षात कोणते प्रयोग झाले त्यावर शोधाचं भवितव्य ठरतं, आणि कोणते प्रयोग करायचे हे मात्र टीटीओ क्वचितच सांगतं.

पहिली भेट

भेटीची वेळ चुकली तर पुढची सेवा कितीही चांगली असून उपयोग नाही. पेपर, प्रीप्रिंट (छापून येण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर), परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, संकेतस्थळावर आलेला व्याख्यानाचा सारांश, यांपैकी काहीही अर्जाआधी बाहेर पडलं की युरोपात पेटंटासाठी लागणारं नावीन्य संपतं. अमेरिका आणि जपानमध्ये स्वतःच्या प्रकाशनाला १२ महिन्यांची सवलत आहे, आणि तीच अनेकांना गाफील ठेवते. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचा रिकॉम्बिनंट डीएनएवरचा (वेगवेगळे डीएनए जोडण्याच्या पद्धतीवरचा) पेपर नोव्हेंबर १९७३ मध्ये आला. स्टॅनफर्डचं लायसन्सिंग कार्यालय चालवणारे नील्स रायमर्स यांना शोधाचं महत्त्व १९७४ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे कळलं. सवलतीचं वर्ष संपायला काही दिवस उरले असताना अर्ज दाखल झाला. १९८० मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, ४६८ कंपन्यांनी लायसन्स घेतलं आणि १९९७ पर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र त्या पेपरबरोबरच गेले होते.

म्हणून पेपर पाठवायच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी इन्व्हेन्शन डिस्क्लोजरचा (शोध टीटीओला कळवण्याचा) फॉर्म भरून द्यावा. त्यात पेपरचा गोषवारा चिकटवू नये. टीटीओला वेगळी माहिती लागते: सर्वांत जवळचं आधीचं काम कोणतं आणि त्यापेक्षा नेमकं काय वेगळं आहे, निधी कोणाचा, काय कधी आणि कुठे जाहीर झालं, कोणत्या परिस्थितीत पद्धत चालत नाही. शिवाय प्रयोगात वापरलेले प्लास्मिड, उंदरांचे वाण, अँटिबॉडी किंवा पेशी दुसरीकडून आल्या असतील तर त्यांचे एमटीए (साहित्य देवाणघेवाणीचे करार) जोडावेत. ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ अशी अट असलेल्या उंदरावर सगळी माहिती उभी असेल, तर पुढे कंपनीचा वकील पहिल्याच तपासणीत तिथे बोट ठेवतो. रुग्णांच्या नमुन्यांचंही तसंच. संमतीपत्रात व्यावसायिक वापर वगळलेला असेल तर ते नमुने आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष उत्पादनासाठी वापरता येत नाहीत. हे आधी तपासायला अर्धा दिवस लागतो. नंतर नवे नमुने गोळा करायला वर्षं जातात.

फॉर्ममधली सर्वाधिक चूक संशोधकांच्या यादीत होते. पेपरचे लेखक आणि पेटंटचे संशोधक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी कल्पनेत भर घातली ते संशोधक. सांगितल्याबरहुकूम प्रयोग केले ते नव्हेत, निधी आणला म्हणून विभागप्रमुखही नव्हेत. नाव गाळलं तर काय होतं ते पीडी-१ या प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या प्रथिनाशी संबंधित पेटंटांवरून दिसलं. तासुकु होन्जो यांच्या कर्करोग उपचाराच्या पेटंटांवर आणखी दोन संशोधकांची नावं घालावीत, हा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये कायम केला. तिथल्या कायद्यानुसार सहमालक इतरांना न विचारता स्वतःचं लायसन्स देऊ शकतो. म्हणजे एकाला विकलेल्या एकमेव हक्काची किंमत एका नावाने कोसळू शकते.

अर्जाचा दर्जा कसा तपासायचा

घाईत टीटीओ पेपरचं हस्तलिखितच प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिली तारीख मिळवून देणारा) अर्ज म्हणून दाखल करतं. काहीच न करण्यापेक्षा ते बरं, एवढंच. त्या तारखेचं संरक्षण फक्त त्यात लिहिलेल्या गोष्टींनाच मिळतं. पेपरात एक रेणू, एक मात्रा, एक पेशीवाण असतं. पेटंटाला त्याची भावंडंही लागतात: बदललेले गट, क्षार, मात्रांच्या मर्यादा, दुसरे आजार, देण्याचे मार्ग. मसुदा वाचायला मागावा आणि ‘हे वाचून कोणी माझ्या शोधाला बगल देऊन तेच उत्पादन कसं बनवेल?’ हा एकच प्रश्न घेऊन बसावं. जी वाट सापडेल ती मसुद्यात बंद करून घ्यावी.

उलट बाजूही आहे. अॅमजेन विरुद्ध सनोफी या दोन औषध कंपन्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, की २६ अँटिबॉडींची रचना देऊन ‘असं काम करणाऱ्या सगळ्या अँटिबॉडी आमच्या’ असा दावा चालणार नाही. जेवढा मोठा दावा, तेवढं जास्त करून दाखवावं लागतं. अर्जदारांची नावंही पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात जुळली पाहिजेत. जनुकांत बदल करण्याच्या क्रिस्पर तंत्रावरचं ब्रॉड इन्स्टिट्यूटचं एक महत्त्वाचं युरोपीय पेटंट २०२० मध्ये अपिलात रद्दच राहिलं, कारण पहिल्या अर्जातला एक अर्जदार पुढच्या अर्जात नव्हता. त्यामुळे जुनी तारीख गेली आणि मधल्या काळातली प्रकाशनं आड आली. हे काम पूर्णपणे कार्यालयाच्या अखत्यारीतलं आहे. टीटीओ चांगलं की वाईट हे अशाच ठिकाणी कळतं.

ते बारा महिने

वेळापत्रक असं चालतं. पहिल्या अर्जापासून १२ व्या महिन्याला पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज), १८ व्या महिन्याला तो जगजाहीर, ३० व्या (काही ठिकाणी ३१ व्या) महिन्याला देशोदेशी वेगळे अर्ज. खर्चाची मोठी उडी ३० व्या महिन्याला असते: प्रत्येक देशाचं शुल्क, भाषांतर, स्थानिक वकील. तोवर लायसन्स घेणारा कोणी नसेल तर बरीच कार्यालयं तिथेच हात आखडता घेतात. कंपनीशी बोलणी पिकायला सहज वर्ष लागतं, हे धरलं तर तिला पटेल अशी माहिती पहिल्या वर्षातच तयार हवी.

त्या वर्षातलं पहिलं काम नवा प्रयोग नाही, जुना प्रयोग पुन्हा करणं हे आहे. अॅमजेनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये जाहीर केलं, की कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या पेपरांपैकी फक्त ६ चे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. तेव्हापासून कोणतीही शहाणी कंपनी आधी स्वतःच्या प्रयोगशाळेत प्रयोग करून बघते. तिथे फसण्यापेक्षा आधी आपल्याकडे फसलेलं बरं. पेशींची ओळख एसटीआर प्रोफाइलने (डीएनएच्या ठशाने) पटवून घ्यावी, मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून राहणारा जिवाणू) तपासावा, प्रयोग दुसऱ्या हाताने आणि शक्य तर दुसऱ्या इमारतीत करावा. प्राण्यांवरच्या प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे ठाऊक नसावं. गाठ रुजायच्या आधीच औषध दिलं असेल, तर तो उपचार नसून प्रतिबंध आहे, आणि कंपनीला तो फरक पहिल्या आलेखातच दिसतो.

पुढचे प्रयोग शोधाच्या प्रकारावर ठरतात. लहान रेणू असेल तर तो नव्याने बनवून, एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) किमान ९५ टक्के शुद्धता दाखवून, आठ-दहा मात्रांचा आलेख काढावा. मूळ बाटलीतला परिणाम अशुद्धीचा होता असं निघणं दुर्मीळ नाही. डीएमएसओ या द्रावकाचं प्रमाण सर्व मात्रांना सारखं आणि ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या आत ठेवावं. विकराला (एन्झाइमला) रोखणारा रेणू असल्यास ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घालून चाचणी पुन्हा करावी. परिणाम नाहीसा झाला तर रेणू एकमेकांना चिकटून गोळे करतो आहे आणि प्रथिनं त्या गोळ्यांवर अडकत आहेत, खरी पकड नाही. ही चाचणी एका दुपारची आहे आणि ती न केल्यामुळे फुकट गेलेली कामं खूप आहेत. त्यानंतर यकृताच्या मायक्रोसोममध्ये (औषधं मोडणारी विकरं असलेल्या अर्कात) रेणू किती वेळ टिकतो, विद्राव्यता किती, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय राखणाऱ्या एचईआरजी वाहिनीला तो अडवतो का, हे तीन आकडे हवेत. हे बाहेरच्या कंत्राटी प्रयोगशाळेतून करून घेता येतं, आणि तसंच करावं, कारण तटस्थ आकड्याला वजन जास्त.

निदान चाचण्यांमध्ये घात करतो तो नमुना. बफरमध्ये मिसळलेल्या शुद्ध प्रथिनावर सेन्सर सुंदर चालतो आणि रक्तात आंधळा होतो. संपूर्ण रक्त, प्लाझ्मा, सीरम तिन्हींवर बघावं. नळीतला ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे त्यांच्यावर चालणारी विकरं बंद पडतात. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारी चाचणी) अडवतं. पट्टीवरच्या चाचणीत प्रतिजन (शोधायचा पदार्थ) फार जास्त असेल तर हुक परिणामामुळे रेषा फिकी पडते, म्हणजे सर्वांत आजारी माणूस निगेटिव्ह दिसतो. नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करून हे तपासता येतं. रुग्ण रुग्णालयातले आणि तुलनेचे लोक ठणठणीत स्वयंसेवक असतील तर आकडे फुगतात. खरी तुलना हवी ती तीच लक्षणं असलेल्या, पण दुसरा आजार निघालेल्या लोकांशी. आणि ९५ टक्क्यांवर भाळू नये. आजार १०० जणांत एकाला असेल आणि चाचणीची संवेदनशीलता (रुग्ण ओळखण्याचं प्रमाण) व विशिष्टता (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) दोन्ही ९५ टक्के असतील, तर १०,००० जणांत १०० रुग्णांपैकी ९५ सापडतील आणि ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांना विनाकारण पॉझिटिव्ह सांगितलं जाईल. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे रुग्ण जेमतेम १६ टक्के. हा हिशेब टीटीओच्या पत्रकात नसतो; खरेदीदाराच्या वहीत पहिल्या पानावर असतो.

उपकरणांबाबत चूक बहुधा साहित्यात होते. टेबलावरचा नमुना पीएलए या प्लास्टिकमधून थ्रीडी प्रिंट केलेला असतो. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांना चालतो. गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचं ठरवलं तर साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं. म्हणून निर्जंतुकीकरणाची पद्धत आधी, साहित्य त्यानंतर, आणि शरीराशी संपर्काच्या आयएसओ १०९९३ च्या चाचण्या शेवटच्या साहित्यावर. क्रम उलटला की चाचण्या पुन्हा. जोखमींची आयएसओ १४९७१ ची फाईल पहिल्या वर्षापासून उघडावी, कारण ‘हा आकार असा का’ याचं उत्तर तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

वर्ष संपत आलं आणि माहिती अजून पातळच असेल, तर एक रास्त मार्ग आहे. शोध कुठेही जाहीर झाला नसेल, तर पहिला अर्ज प्रकाशित होण्याआधी, कोणताही हक्क मागे न ठेवता आणि कुठेही प्राधान्यासाठी न वापरता मागे घ्यावा आणि जाड माहितीसह नव्याने दाखल करावा. पेटंटाची २० वर्षं दाखल केल्यापासून मोजतात. औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, म्हणून शेवटी वाचलेलं एक वर्ष फार मोलाचं. धोका असा: मधल्या काळात दुसऱ्या कोणी अर्ज केला तर तो पुढे. स्पर्धा दाट असेल तर हे करू नये. कार्यालय हा पर्याय स्वतःहून मांडतं का, यावरून त्याची जाण ओळखावी.

लायसन्स, कंपनी आणि पैसे

करारांच्या बाबतीत चांगल्या टीटीओला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. आधी सहा ते बारा महिन्यांचा ऑप्शन करार (शोध राखून ठेवण्याचा हक्क), मग लायसन्स, हा क्रम दोन्ही बाजूंना सोयीचा. लायसन्समध्ये टक्केवारीपेक्षा तीन कलमं नीट वाचावीत. पहिलं वापराच्या क्षेत्राचं: कर्करोगासाठी हक्क घेणाऱ्याला सांधेदुखीचेही हक्क देऊन टाकले तर ते तसेच पडून राहतात. दुसरं कामाच्या मुदतींचं: ठरलेल्या तारखेपर्यंत विषशास्त्राचा अभ्यास किंवा पहिली मानवी चाचणी सुरू झाली नाही तर हक्क परत. हे कलम नसेल तर कंपनी शोध कपाटात ठेवू शकते. तिसरं रॉयल्टीच्या थरांचं: औषधाला रेणू, वाहक आणि उत्पादनपद्धत अशी तीन लायसन्सं लागली आणि प्रत्येकी ४ टक्के द्यायचे झाले, तर विक्रीतले १२ टक्के आधीच गेले. थर वाढले की प्रत्येकाचा दर ठरावीक तळापर्यंत कमी व्हावा अशी तरतूद हवी.

उत्पन्नाची वाटणी संस्थेच्या धोरणात असते, ती आधी वाचावी. स्टॅनफर्डची पद्धत बरीच प्रसिद्ध आहे: १५ टक्के कार्यालयाला, मग प्रत्यक्ष खर्च वजा, उरलेल्याचे तीन भाग संशोधक, विभाग आणि विद्याशाखेला. म्हणजे १०० आले आणि खर्च शून्य धरला तरी सगळ्या संशोधकांना मिळून सुमारे २८.

स्वतःची कंपनी काढायची असेल तर बोलणी लांबतात ती भागभांडवलावर. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी आणि गुंतवणूकदारांनी २०२३ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत जीवशास्त्राधारित कंपन्यांसाठी विद्यापीठाचा वाटा १० ते २५ टक्के सुचवला आहे. त्यापेक्षा बराच जास्त मागितला तर पुढचे गुंतवणूकदार बिचकतात, कारण मूळ माणसांकडे राबण्यापुरता हिस्सा उरत नाही. आणखी एक गाठ लवकर सोडवावी: कंपनी सुरू झाल्यावर त्याच प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत निघालेल्या सुधारणा कोणाच्या? लायसन्समध्ये त्या धरलेल्या नसतील तर त्या संस्थेच्याच, आणि कंपनीला पुन्हा बोलणी करावी लागतात. विद्यार्थ्याचा प्रबंध आणि कंपनीचं काम यांच्यात लेखी भिंत हवी. प्रबंध अडवून ठेवणं हा कंपनीचा हक्क असू नये, आणि या मुद्द्यावर टीटीओने विद्यार्थ्याच्या बाजूने उभं राहायलाच हवं.

कमी पडतात ते कुठे

बाजारपेठ. एका पानाचा गोषवारा संकेतस्थळावर टाकून खरेदीदार येत नाही. एकेका अधिकाऱ्याच्या टेबलावर रसायनशास्त्रापासून शस्त्रक्रियेच्या उपकरणांपर्यंत सगळं असतं, त्यामुळे कोणत्या कंपनीतल्या कोणत्या गटाला आत्ता हेच हवं आहे हे त्यांना ठाऊक असणं कठीण. ती यादी संशोधकाने द्यावी: परिषदेत कोणी प्रश्न विचारला, पेपर कोणत्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी संदर्भात घेतला, जवळचा रेणू कोणाच्या चाचण्यांमध्ये आहे. अशी दहा नावं दिली तर कार्यालयाच्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

मूल्य ओळखण्यातही मर्यादा आहेत, आणि त्या नव्या नाहीत. केलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायची पद्धत प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये पेटंटांचं काम पाहणाऱ्या सरकारी महामंडळाला कळवूनही पेटंट झालं नाही; तातडीचा उपयोग दिसत नाही असं त्यांचं मत पडलं. १९८४ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं आणि पुढे त्यावर औषधांचा अख्खा उद्योग उभा राहिला.

म्हणून कार्यालयाने ‘आम्ही दाखल करत नाही’ असं सांगितलं तर तिथे थांबू नये. नकार लेखी मागावा, कारणासह: आधीचं काम आड येतं आहे, की खरेदीदार दिसत नाही, की निधी नाही? पहिल्या कारणावर तो आधीचा दस्तऐवज मागून फरक दाखवता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या कारणावर हक्क संशोधकाच्या नावे सोडून देण्याची विनंती करावी. निधी देणाऱ्याची परवानगी लागत असेल तर ती कार्यालयानेच आणावी. आणि हे सगळं पेपर छापून यायच्या आत, नाहीतर १२ व्या किंवा ३० व्या महिन्याच्या किमान तीन महिने आधी व्हावं. शेवटच्या आठवड्यात हाती आलेल्या हक्काचं पुढे काहीच करता येत नाही.